चौथ्याबद्दल बोलायचं नाही

आमच्या घरमालक काकांना क्रिकेट आवडत नसे. मराठी माणसाबद्दल असं लिहिताना आपण त्याची बदनामी करतोय असं वाटतं, पण ते स्वतःच भेटेल त्याला, विचारलेलं नसताना, हे सांगत सुटत. मंडळाच्या गणपतीत कुणी वर्ल्ड कपचा विषय काढला की काका हातातला मोदक ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "पाच-पाच दिवस खेळून निकाल लागत नाही. याला खेळ म्हणतात की सरकारी काम?" मग त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या व्हायच्या. काकू म्हणायच्या, "बरं झालं बाई, पाय पसरून बसता येतं."

काकांचा खेळ बेसबॉल. तरुणपणी कंपनीने त्यांना काही वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं. बाकीचे लोक येताना मायक्रोवेव्ह आणतात, काका हे घेऊन आले. आणि त्यानंतर स्थायिक कुठे झाले, तर आयर्लंडमध्ये. इथे शाळेतल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात हर्लिंग नावाच्या इथल्या खेळाची काठी, रग्बीसाठी लोक जीव टाकतात, कुत्र्यांच्या शर्यतीसुद्धा होतात. बेसबॉल तेवढा शोधून काढावा लागतो. असा देश निवडायला डोकंच लागतं.

आम्ही त्यांच्याकडे राहायला गेलो तेही असंच डोकं लढवून. नवऱ्याची नोकरी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात, माझं ऑफिस डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये. मग दोघांनाही सारखंच गैरसोयीचं पडेल असं ठिकाण शोधून आम्ही पोर्टलीशच्या बाहेर काकांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. नवरा ड्यूटीप्रमाणे कधी तिकडे, कधी इकडे. मी मात्र कायमची काकांच्या तावडीत.

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी पगाराची चिठ्ठी मागितली नाही की आधीच्या घरमालकाचं पत्र. त्यांनी विचारलं, "बेसबॉलच्या एका मॅचमध्ये एकाच माणसाने जास्तीत जास्त किती होमरन मारलेत?"

मी आपलं म्हटलं, "दहा?"

काकांनी डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "खोली वर डावीकडे. प्रेसमध्ये ब्लँकेटं आहेत." प्रेस म्हणजे इथे कपाट, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्या घरात त्यातल्या त्यात समजण्यासारखं वाक्य तेच होतं.

उत्तर चार. चेंडू मारून थेट कुंपणापार घालवला की होमरन. त्याला मी 'सिक्सर' म्हटलं तर काका दोन दिवस बोलले नव्हते, आणि ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही, इतके छान गेले. एका मॅचमध्ये फलंदाजाला बॅट धरायची संधी मिळते साधारण चार-पाच वेळा. त्यात चार होमरन मारायचे म्हणजे जवळजवळ दर वेळी चेंडू बाहेर. अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या सामन्यांत, शंभराहून जास्त वर्षांत, हे जमलेली माणसं एका पंगतीत जेवायला बसतील एवढीच. त्या पंगतीची यादी काकांना तोंडपाठ होती. कुकरची पहिली शिट्टी झाली की ते सुरू व्हायचे, कोण, कुठल्या संघाचा, चौथा कुठल्या दिशेला मारला. कोणी चार मारूनही त्याचा संघ हरला, हे सांगताना तर त्यांचा घास हातातच राहायचा. शेवटी थांबून म्हणायचे, "आणि पाच? पाच कुणीच नाही." एखाद्या लग्न न झालेल्या आत्याबद्दल बोलावं तसा आवाज.

"भात घ्या," काकू म्हणायच्या.

आता यातली खरी गोम अशी की काकांनी स्वतः असा सामना घडताना एकदाही पाहिला नव्हता. जन्मभर या खेळाची टकळी चालवून हा माणूस त्या एका गोष्टीला पारखा राहिला होता. एकदा योग आला तेव्हा काकूंनी त्यांना हेज, म्हणजे घराभोवतीचं झुडपांचं कुंपण, कापायला बाहेर पिटाळलं होतं. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांना सोफ्यावर डुलकी लागली. त्यानंतर त्यांनी हेजला कात्री लावली नाही, आणि ती एवढी वाढली की पोस्टमनला आमचं घर सापडेना. रेकॉर्डिंग बघा म्हटलं तर अंगावर यायचे. "निकाल माहीत असताना काय बघायचं? शिळ्या भाताला फोडणी दिली म्हणून तो ताजा होतो का?"

"तुम्ही रोज सकाळी तोच खाता," काकू म्हणायच्या.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. ते काकांना 'युअर मॅन', म्हणजे इथल्या बोलीत 'तो बुवा', म्हणायचे आणि काकांना वाटायचं, आपला फार आदर करतात. त्यांनी काकांना एक जुनी हर्लिंगची काठी दिली. काकांनी परसात उभं राहून तिने असा काही चेंडू हाणला की तो हेजवरून शेजाऱ्यांच्या काचघरात, टोमॅटोंमध्ये. काच खळ्ळकन. शेजारी काचघरातून बाहेर आले, चेंडू बघितला, काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "ग्रँड. मग आता तीन राहिले." एवढं काकांना त्या देशात दुसऱ्या कुणीच समजून घेतलं नसेल.

काकांचा एक नियम होता. एखादी मोठी गोष्ट घडत आली असेल तर तिचं नाव काढायचं नाही. कुणाचे तीन होमरन झाले असतील तर त्याच्या शेजारी बसायचं नाही, आकडा उच्चारायचा नाही, चौथ्याबद्दल तर अक्षर नाही. आपल्याकडे दृष्ट लागते म्हणतात त्यातलाच प्रकार. पण काकांना तसं म्हटलं की, "ती अंधश्रद्धा. हा खेळाचा शिष्टाचार." हा शिष्टाचार ते सगळ्याला लावायचे. व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत व्हिसाचं नाव नाही. ओव्हनमधला केक फुगेपर्यंत स्वयंपाकघरात प्रवेश नाही. "चेंडू कुंपणापार गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणायला लागले.

आणि चेंडू कुंपणापार गेला की? तेव्हाही नाही! याचा शोध मला ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाले त्या दिवशी लागला. आधी नापास होऊन झालं होतं, तेव्हा काकांनी खांद्यावर थोपटून चहा करून दिला होता. यावेळी मी पास. नाचत घरात शिरले, हातात क्रीम बनचा खोका. "काका, पास!" काकांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि पेपर उघडला. "काका, पास झाले!" पेपर आणखी वर. मला भडभडून आलं. काय हा माणूस! दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. तणतणत वर गेले, दार आपटलं, पलंगावर पडून रडले. थोड्या वेळाने जिन्यात असा काही गोंगाट झाला की वाटलं घर पडलं. काका स्टीलचं ताट चमच्याने बडवत वर येत होते, मागे काकू बनचा खोका घेऊन. "आयुष्यातला पहिला होमरन मारून नवा पोरगा डगआउटमध्ये, बाकावर येतो ना," काका धापा टाकत म्हणाले, "तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळे तोंड फिरवून बसतात. त्याचा चेहरा पडला की मग सगळे अंगावर येतात. फक्त पहिल्याला हं! हा मान असतो, मान."

"रडवून मान?"

"रडलीस? वा!" काका खूश झाले.

पुढे मला दिवस गेले. काकूंनी दणक्यात डोहाळजेवण केलं. काका त्या दिवशी गॅरेजमध्ये सँडविच खात बसले. 'बाळ' हा शब्द त्यांनी नऊ महिने उच्चारला नाही. मी मुद्दाम विचारायची, "काका, काय वाटतं, मुलगा की मुलगी?" तर कानात बोटं घालून बाहेर.

दिवस भरत आले असताना काकू भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या. जाताना फ्रीझर डब्यांनी भरला आणि मला बजावून गेल्या, "काही लागलं तर यांना सांग. मॅच चालू असेल तर शेजारी सांग."

तो रविवार. अमेरिकेत दुपार म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ. नवरा वॉटरफोर्डला ड्यूटीवर. पाठ सकाळपासून दुखत होती, पण तारखेला अजून अवकाश होता म्हणून मी दुर्लक्ष केलं. पाणी प्यायला खाली आले तर काका सोफ्यावर एक पाय हवेत धरून बसलेले. स्लीपर अर्धी पायात, अर्धी बाहेर. मला लगेच कळलं. तिसरा लागला तेव्हा पाय असा होता, आता तो हलवायचा नाही. पडद्यावर तोच फलंदाज बाकावर बसलेला, आजूबाजूच्या जागा रिकाम्या. एकही खेळाडू त्याच्याशी बोलत नव्हता. त्याची बॅट धरायची पाळी अजून एकदा नक्की येणार होती. काकांच्या कपाळावर घाम.

"काका."

"शू."

"काका, मला वाटतंय..."

"वाटू दे. बोलू नकोस."

"काका, पाणी गेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग परत माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी पुढे कित्येकदा आठवून बघितलं. लहान मुलाच्या हातातून कुणी जत्रेतला फुगा काढून घ्यावा आणि त्याने रडायचं नाही असं ठरवावं, तसं काहीतरी. मग तो पाय खाली आला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीच्या डब्याचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "बॅग कुठाय?"

गाडीत बसलो तर अरुंद रस्त्यावर पुढे एक ट्रॅक्टर, गवताचे गठ्ठे लादून, आपल्याच तंद्रीत. काकांनी कधी कुणाला ओव्हरटेक केलं नव्हतं. हॉर्न तर त्यांच्या गाडीला आहे की नाही याचीच मला शंका होती. त्या दिवशी त्यांनी तो असा वाजवला की ट्रॅक्टरवाला घाबरून कडेच्या गेटात शिरला. मला कळ आली, गेली. मलाच वाईट वाटायला लागलं. म्हटलं, "काका, फोनवर लावा ना. निदान ऐका तरी."

"गाडी चालवताना मी गाडी चालवतो."

पुढची कळ आली आणि माझा शिष्टाचार संपला. "अहो काका, तीन झालेत ना! चौथा आता मारेल तो! तुम्ही बघितला असतात हो!"

काका अगदी हळू म्हणाले, "बोललीस."

"सॉरी, काका."

"सॉरी कसलं. ओरड. काय ओरडायचं ते ओरड. फक्त त्याबद्दल नको."

मुलगी झाली. नवरा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, त्यामुळे तो एकदम फ्रेश दिसत होता. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला काका आले. हातात डबा, स्वतः केलेली खिचडी, वासावरून करपलेली. दारातून आत आले, पाळण्याच्या बाजूने गेले, थांबले नाहीत. सरळ खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे. "पार्किंगला फार गर्दी आहे," म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "काका, बघा ना, मुलगी—"

"पाऊस येणार बहुतेक."

मी नवऱ्याचा हात दाबला. म्हटलं थांब. मला हसूही येत होतं आणि टाके दुखत होते. पण आमच्या वॉर्डातली नर्स होती केरळची. भारतातून आलेला म्हातारा, नात झाली आणि हा पाठ फिरवून पावसाच्या गप्पा मारतोय. तिने हे आयुष्यात पुष्कळ बघितलं असणार. हातातलं काम टाकून ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. "अंकल! गर्ल बेबी इज लक्ष्मी! कुठल्या जमान्यात राहता? तुमची आई कोण होती? बायको कोण आहे?" तिने इंग्रजीत काकांची अशी काही हजेरी घेतली की शेजारच्या पलंगावरची आयरिश बाई चहा प्यायची थांबली.

काका वळले, चेहरा पांढराफटक. "नो, नो, सिस्टर! धिस इज बेसबॉल!"

नर्सने नवऱ्याकडे बघितलं, म्हणजे डोक्याचे डॉक्टर बोलवायचे का. तेवढ्यात काकांचा धीर सुटला. त्यांनी खिशातून चमचा काढला. चमचा घरून आणला होता! आणि माझ्या जेवणाचा ट्रे उचलून असा बडवला की वॉर्डातली सगळी बाळं एका सुरात रडायला लागली. काका रडत होते ते त्या आवाजात कुणाला कळलं नाही. मला कळलं.

नर्सने त्यांना बाहेर काढलं. जाता जाता नवरा, देवाने त्याला अक्कल नको तिथे भरपूर दिली आहे, म्हणतो, "काका, तुमच्या त्या माणसाचं कळलं का? त्याने शेवटी—"

"गप!" काका आणि मी एकदम ओरडलो.

मी फोनवर बघितलं होतं. मला माहीत होतं.

घरी आल्यावर म्हटलं, काका, आता लावा रेकॉर्डिंग, मी कुणाला बोलू देत नाही. तर म्हणाले, "जिच्यामुळे राहिली तिच्याबरोबर बघणार. तिला माहीत नाही, मला माहीत नाही. दोघांना माहीत नाही ती गोष्ट शिळी कशी?"

"ती बघण्याएवढी होईपर्यंत?" काकू पुण्याहून फोनवर म्हणाल्या. "म्हणजे माझे दिवस घालूनच."

पण आता मोठी पंचाईत झाली. निकाल कळू द्यायचा नाही म्हणजे बेसबॉलच बघायचा नाही, कारण कुणीतरी समालोचक बोलून जाणार. बातम्या नाहीत. आणि यादी? यादी म्हणायची तर तिच्यात त्याचं नाव आहे की नाही हे माहीत हवं. म्हणून काकांनी यादीच सोडली. कुकरची शिट्टी व्हायची, काका तोंड उघडायचे आणि भात मागायचे. त्या घरात इतकी शांतता झाली की काकूच एक दिवस म्हणाल्या, "अहो, काहीतरी बोला, जीव घाबरतो." शेजाऱ्यांचा मुलगा बॉस्टनला, त्यामुळे त्यांनाही निकाल कळलेला. बिचारे हेजपाशी यायचे, तोंड उघडायचे, आठवण व्हायची आणि हवामानावर बोलून निघून जायचे. टीव्हीच्या डब्यातली जागा भरत आली की काकूंच्या मालिका पुसल्या जायच्या, आणि त्यावरून जी भांडणं झाली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

आम्ही पुढे डब्लिनला गेलो. मुलगी शाळेत जायला लागली, मराठी सगळं समजतं, उत्तर देते ते शेजारच्या पोस्टमनकाकांनी द्यावं तसं, इंग्रजीत. मग एक दिवस काकूंचा फोन आला. घर विकलं, पुण्याला कायमचं जायचं ठरलं. टीव्हीचा डबा कंपनीला परत द्यायचा होता. "यांचं म्हणणं, आता बघायला हवं. घेऊन या तिला."

गेलो. घरात खोक्यांशिवाय काही नव्हतं. टीव्ही जमिनीवर, काका एका खोक्यावर, माझी लेक त्यांच्या मांडीवर बेदाणे खात. काकू, मी, नवरा मागे. काकांनी आधी सगळ्यांना दम दिला. बटण उशिरा दाबलं तरी डब्याने सामना सुरुवातीपासून धरून ठेवला होता. पहिला होमरन लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला काकांनी मुद्दाम पाय हवेत धरला. तुम्हाला माहीतच आहे, इथपर्यंत त्यांनी बघितलं होतं. आणि मग पुढे सुरू झालं, जे त्यांनी बघितलं नव्हतं. सामना लांबला होता. लेकीने विचारलं, "इज ही द गुड फेला?" काका म्हणाले, "शू. बोलायचं नाही." शेवटच्या डावात तो फलंदाज बाकावरून उठला. बॅट घेतली. चालत आला. पायाखालची माती सारखी केली.

आणि पडदा निळा झाला. रेकॉर्डिंग संपलं. पुसून टाकायचं का? हो. नाही.

मॅच लांबली होती, पण डब्याला काय त्याचं! कार्यक्रमाची ठरलेली वेळ संपली आणि त्याने हात झटकले.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "माझ्या मालिका याच्यासाठी गेल्या." पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. काका त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. पाय अजून हवेतच. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. या माणसाने माझ्यासाठी टीव्ही बंद केला होता आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपला जीव की प्राण असलेला खेळ. आणि हाती काय, तर पुसायचं का, हो की नाही.

मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "तुला माहितीय."

"हो."

"सांगू नकोस." पाय तसाच हवेत ठेवून, "कोरडं नुसतं सांगू नकोस गं."

"अगं, सांगून टाक ना त्यांना," नवरा म्हणाला.

मी उठले. काकांकडे पाठ केली, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. "हेज फारच वाढलीय," मी म्हटलं.

काकूंना एका क्षणात कळलं. त्याही उठल्या, माझ्याशेजारी येऊन तोंड फिरवून उभ्या राहिल्या. "पाऊस येणार बहुतेक," म्हणाल्या.

मागे काही हालचाल नाही. "व्हाय इज एव्हरीवन क्रॉस?" लेक विचारत होती. मग स्लीपर खाली पडल्याचा आवाज आला. आणि मग, ताटं-चमचे सगळे खोक्यांत गेलेले असल्यामुळे, रिमोटने दणादण काहीतरी बडवल्याचा.

"अहो!" काकू खिडकीकडे तोंड ठेवूनच ओरडल्या, "तो डबा परत द्यायचाय!"